डब्लेटचे चार थर

८ जानेवारी, रविवार

लायलचं जुनं डब्लेट, तलवार खेळताना घालायचा जाड कोट, आज अखेर गेलं. चर्चच्या तळघरात सराव चालला होता, मार्सीचा वार चुकवायला तो गर्रकन वळला आणि पाठीची मधली शिवण मानेपासून कमरेपर्यंत उसवली. सगळे हसले. लायलही हसला. मला हसू आलं नाही. घरातलं काही फाटलं तर ते चारचौघांत दिसू नये, आणि माझी शिवण तर मुळीच दिसू नये.

तर आता नवीन शिवायचं. दर नव्या कपड्याला मी नवी वही सुरू करते. कापड, मापं, चुका सगळं लिहिते. मनातलंही तिच्यातच जातं, कारण नवऱ्याला, म्हणजे लायलला, काही ऐकवलं की तो ‘बरं’ म्हणतो आणि पान्हे घेऊन बाहेर पडतो. प्लंबर माणूस, रिटायर झाला तरी गावाचे नळ त्याला सोडत नाहीत.

कापड ठरलं आहे. वर काळी लोकर, तिच्याखाली कॅनव्हास, मग घट्ट विणीचं जाड लिनन, आणि अंगाला लागून मऊ लिननचं अस्तर. असे चार थर. बगलेच्या कळीला तेच दुहेरी. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात लोकरीचा व्यापारी जसा घट्ट, गुंड्यांचा, कमरेशी संपणारा कोट घालायचा तसंच ते दिसलं पाहिजे, आणि तलवारीचं टोक मात्र आत जाता कामा नये. आमच्या तलवारी बोथट असतात, टोकाला रबरी टोपी असते. पण पातं मोडलं तर उरलेला तुकडा सुरीसारखाच. बगलेत तर हाडही आडवं येत नाही.

जूनच्या मेळाव्यात लायलला मानाचा निळा पट्टा मिळायचा आहे. वेंडेलनं मला कानात सांगितलं. वेंडेल आमच्या, जुन्या इंग्लंडची सोंगं घेऊन तलवार खेळणाऱ्या मंडळात सुरक्षेचं बघतो, लायलचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. पट्टा नुसत्या हाताच्या चपळाईला मिळत नाही. आमच्या खेळात पंच नसतो. ज्याला टोक लागलं त्यानंच ‘लागला’ म्हणायचं आणि गुडघा टेकायचा. लागूनही जो म्हणत नाही त्याला गेंडा म्हणतात, आणि गेंड्याशी कोणी खेळत नाही. लायल तर नुसती शंका आली तरी गुडघा टेकणारा. म्हणजे पट्टा त्याच्या शब्दाला मिळणार आहे. तो त्याला किती हवा आहे हे तो जन्मात बोलून दाखवणार नाही, पण मला ठाऊक आहे.

२१ जानेवारी, शनिवार

पहिलं फिटिंग. कच्च्या टाक्यांवरचं डब्लेट अंगात चढवून टाचण्या लावल्या. सगळ्या मंडळाचे कपडे मीच शिवते, आणि टाचणी जरा टेकली की हे तलवारबहाद्दर कोंबड्यांसारखे ओरडतात. लायल खांबासारखा उभा होता, टीव्हीवर फुटबॉल बघत. काढून पाहते तर खांद्यापाशी अस्तरावर रक्ताचा ठिपका. टाचणी बनियनमधून सरळ मांसात गेली होती.

“अरे, तोंड नाही का तुला? पांढऱ्या लिननवर रक्त! आता हे कोण घासणार?”

“मला वाटलं, शिवणकामात असं होतच असेल.”

“शिवणाऱ्याला होतं. घालणाऱ्याला नाही.”

“बरं,” म्हणाला.

असं सोशिक गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं. डाग थंड पाण्यात निघाला.

५ फेब्रुवारी, रविवार

आजचं लिहू नये असं वाटतं, म्हणूनच लिहिते.

जुनं डब्लेट मी पाठीला पट्टी लावून सांधलं होतं, तेच घालून लायल मार्सीशी खेळत होता. मार्सी दातांच्या दवाखान्यात काम करते, सरळ बाई, खोटं बोलायला गेली तर कान लाल होतात. तिनं त्याच्या बरगडीवर स्वच्छ टोक मारलं. मी बाकावर बसून काजं करत होते, माझ्या डोळ्यांसमोर पातं वाकलं. लायल खेळतच राहिला.

मार्सी थांबली. “लायल?”

“काय?”

“मारलं की मी तुला. बरगडीवर.”

“नाही लागला, मार्सी.”

तिनं एकदा आपल्या तलवारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सुईत डोकं घातलं. पुढच्याच फेरीत लायलनं तिला मारलं आणि ती ‘लागला’ म्हणून मुकाट गुडघ्यावर बसली. संध्याकाळभरात असं आणखी दोघांशी झालं.

गाडीत मी विचारलं, “खरंच नाही लागला?”

“लागला असता तर म्हटलं नसतं का मी?”

घरापर्यंत बर्फ साफ करणारी गाडी पुढे होती, तिच्या मागून सरपटत आलो.

८ फेब्रुवारी, बुधवार

लायलच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा पट्टा. जेवताना बाही वर गेली तेव्हा मला दिसला. कोणाच्या तरी तळघरात पाईपला डाग देताना तापल्या नळीला हात टेकला असणार. ‘असणार’ म्हणते, कारण त्यालाच सांगता येईना. हात उलटासुलटा करून असा बघत बसला की जणू शेजाऱ्याचा आहे.

“फोड आलेत, लायल! कधी झालं हे?”

“सकाळी असेल. प्लंबरची कातडी, लोरेटा. राठ होते.”

मलम लावलं. पुरुषांना बायकोपुढे शूर दिसायची हौस असते, आणि साठीनंतर ती वाढते. बाकी त्याचे हातमोजेही ढिले झालेत, बोटांत चामडं नुसतं लोंबतं. ओलं झालं की चामडं सैल पडतंच. नवे कापायला हवेत.

१२ फेब्रुवारी, रविवार

वेंडेलनं मला कॉफीच्या टेबलापाशी गाठलं. आधी हवेबद्दल बोलला, मग माझ्या केकबद्दल. मी म्हटलं, बोल एकदाचं.

“लोरेटा, लायलचं डब्लेट फार जाड आहे का गं?”

“नियमाइतकंच आहे. तूच तपासलंस.”

“तसं नाही... त्याला लागलेलं कळत नाही बहुतेक. जाड असलं तर नाहीच कळणार ना माणसाला.”

“सगळ्यांची डब्लेटं मी शिवते, वेंडेल. सगळी तेवढीच जाड आहेत. तुझंसुद्धा. तुला कळतं ना? गेल्या आठवड्यात केवढ्यानं ओरडलास.”

तो खाली बघत म्हणाला, “मग दुसरं काय कारण असेल, तूच सांग.”

डोक्यात तिडीक गेली. म्हणजे एकतर माझं शिवण वाईट किंवा माझा नवरा लबाड, निवड तू. केक उचलून घरी आणला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर सारखं तेच मनात. लायल लबाड नाही. म्हणजे शिवणच. सांधताना मी पाठीला पट्टी लावली, तिच्यामुळे पुढचं कापड ताठ झालं असेल. ताठ कापड टोक पसरवून टाकतं. असंच असलं पाहिजे.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

ईस्टरआधीच्या उपासाचा, मांस न खाण्याचा शुक्रवार, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मासे आणि पिएरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या. निम्मं मंडळ तिथेच असतं. दरवर्षी आमच्या टेबलाला खुर्च्या कमी पडतात. आज दोन तास आम्ही दोघंच. लोक ताटं घेऊन येत, आम्हाला बघत आणि त्यांना पलीकडे कोणीतरी ओळखीचं दिसे.

मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, “प्राणिसंग्रहालयातून एक गेंडा सुटलाय म्हणे.” हसले. लायलच्या हातातून कॉफीचा पेला सुटला आणि जमिनीवर फुटला. सगळा हॉल वळून बघायला लागला. त्यांना वाटलं, रागानं फेकला. मलाही तसंच वाटलं आणि खरं सांगते, बरं वाटलं. निदान त्याला राग तरी येतो.

घरी येऊन मी रडले. आमच्या लग्नाला कोणी नाक मुरडलं तेव्हाही रडले नव्हते. या गावात आमच्याजवळ दुसरं काय आहे? मूल नाही. रविवारचा सराव आणि उन्हाळ्यातला मेळावा. तो खेळतो आणि मी शिवते.

५ मार्च, रविवार

लायलला आज काय सुचावं! नव्या डब्लेटला आतून टॅफेटा लाव म्हणतो. रेशमी टॅफेटा!

“कशाला?”

“वाजतो ना तो. हलला की, दाबला की. सळसळ होते.”

“लायल, खेळात तू नॉर्विचचा लोकरीचा व्यापारी आहेस. व्यापाऱ्यानं रेशीम मिरवायचं नाही असा राणीचा कायदा होता. तू सरदार नाहीस.”

“आतून गं. कोणाला दिसतंय?”

“मला दिसतंय. आणि वाजणारं अस्तर घालून सरदारसुद्धा तलवार खेळले नसते.”

“मग छातीवर बारीक घुंगरू तरी?”

तेव्हा मात्र मी हसतच सुटले. घोडा आहेस का म्हटलं. तोही हसला थोडं, मग म्हणाला, “बरं.” पाणी प्यायला उठला आणि स्वयंपाकघरात बराच वेळ नळ नुसता सोडून उभा राहिला. निळ्या पट्ट्याची स्वप्नं बघत असेल. माणूस म्हातारपणी नटवा होतो तो असा.

१९ मार्च, रविवार

आता उलटंच सुरू झालंय. मार्सीशी खेळताना लायल सगळे वार बरोबर सांगतो. तिनं हल्ली टोक बसलं की ‘हा!’ असं मोठ्यानं ओरडायची सवय लावून घेतली आहे, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची सोय राहू नये. त्याचा इशारा लायलला झोंबला असावा. पण बाकीच्यांशी खेळताना तो न लागलेलंही लागलं म्हणतो. आज एकाचं टोक वीतभर लांब राहिलं आणि हा गुडघ्यावर! समोरचा गोंधळला. लायल त्याच्या मुखवट्याच्या जाळीतून डोळ्यांत टक लावून बघत होता, एवढं मी पाहिलं.

“आता हवाही लागते वाटतं,” कोणीतरी म्हणालं.

गाडीत मी बोललेच, “टोमणे मारायचे तर तोंडानं मार. असं गुडघे टेकून नाटक कशाला?”

“मी टोमणा नाही मारला.”

“मग काय होतं ते?”

तो मान आखडली म्हणून खिडकीकडे फिरवून बसला. त्याची मान सारखीच आखडते हल्ली.

१६ एप्रिल, रविवार

नवं डब्लेट पुरं झालं. माझ्या हातून आजवर इतकं चांगलं काही शिवलं गेलं नाही हे मी कोणाला सांगणार नाही, पण इथे लिहिते. बाह्यांची जोडणी अशी की हात डोक्यावर नेला तरी बगलेत फट पडत नाही.

वेंडेलनं ठोका-चाचणी घेतली. कापड चौकटीवर ताणतात, उभी नळी धरतात आणि तिच्यातून टोकदार वजन खाली सोडतात. छातीवर, पाठीवर, बगलेत. एकदाही आत गेलं नाही. त्यानं आतल्या पट्टीवर शिक्का मारला. मग मला जिन्यापाशी घेऊन गेला.

“समितीत विषय निघाला, लोरेटा.”

“कसला?”

“पट्ट्याचं तर आता विसरच. मेच्या अखेरपर्यंत बघतील. असंच चाललं तर नाव काढून टाकायचं म्हणतायत. मंडळातूनच.” त्याचे डोळे भरले होते. “मी भांडलो गं. पण मी तरी काय सांगू त्यांना? अंगाच्या बाजूला मारलेलं त्याला कधीच लागत नाही. बगलेखाली तर मुळीच नाही. बायकोला विचार म्हणाले.”

मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

१८ एप्रिल, मंगळवार

केलं.

लायल कोणाच्या तरी बॉयलरसाठी गेला होता. मी टेबलावर नवं डब्लेट उलटं घातलं, अस्तर बाजूच्या शिवणीतून उसवलं आणि कॅनव्हास काढला. हात घालून दाबून पाहिलं. अजून जाडच वाटलं. मग आतलं जाड लिननही काढलं, दोन्ही बाजूंचं आणि बगलेतलं. वर लोकर आणि आत अस्तर एवढंच ठेवलं. पुन्हा शिवलं. बाहेरून ओळखू येत नाही. टाके माझेच, त्याच भोकांतून घातले.

मला नियम ठाऊक आहे. नियम तरुणांसाठी आहेत, जे बैलासारखे धावून येतात. आमच्याकडे रविवारी खेळणारे सगळे गुडघे बदललेले. इतक्या वर्षांत या तळघरात एकही पातं मोडलेलं मी पाहिलं नाही. आणि माझ्या आरीनं मी लोकर टोचून बघितली, बऱ्यापैकी जोर लागला.

त्याचा शब्द जाण्यापेक्षा कापड गेलेलं परवडलं.

३० एप्रिल, रविवार

मी म्हणत होते ना!

लायलनं आज लागलेला एकही वार सांगायचा सोडला नाही. आता टोक बसलं की लोकर ‘थप्प’ वाजते, कॅनव्हास असताना आवाज सगळा दबून जायचा. प्रत्येक थप्पला लायल ‘लागला!’ म्हणून गुडघ्यावर. एकदाही चूक नाही. शेवटी मार्सीनं मुखवटा काढून त्याला मिठी मारली. “तू परत आलास,” म्हणाली. वेंडेलनं लांबूनच माझ्याकडे बघून हात छातीवर ठेवला.

गाडीत लायल म्हणाला, “या डब्लेटचं काहीतरी वेगळं आहे, लोरेटा.”

“चांगलं शिवलंय, दुसरं काय.”

“हलकं आहे.”

“तुला हवं होतं ना वाजणारं? वाजतंय.”

तो माझ्याकडे बघत राहिला. कितीतरी वेळ. मग म्हणाला, “बरं,” आणि माझा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवला. त्याचा हात गार होता.

वाटलं, उतरून रस्त्यात नाचावं.

२१ मे, रविवार

निळा पट्टा पक्का! वेंडेलनंच सांगितलं, पुन्हा कानात. मी पट्ट्यासाठी रेशीम आणलं आहे, त्याला राणीचा रेशमाचा कायदा लागत नाही.

लायलला डब्लेटच्या गुंड्या लावता येत नाहीत म्हणून मीच लावते. काजं नवी, घट्ट आहेत. वापरात सैल होतील.

१३ जून, मंगळवार

ईरी शहरातल्या हॉस्पिटलात आहे. मशीनची कॉफी आहे, वही पर्समध्ये होती. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

शनिवारी मेळाव्यात तळ्यावरून वारा सुटला होता. मैदानात ढोल, मागे मुलांचा गलका, तंबूंची कापडं फडफडत होती. पट्टा संध्याकाळी द्यायचा होता. त्याआधी लायलचा खेळ पिट्सबर्गच्या एका रोनन नावाच्या माणसाशी लागला. उंच, शांत माणूस. एक शब्द बोलत नव्हता, श्वासही ऐकू येत नव्हता. त्याच्या मुखवट्याची जाळी काळी रंगवलेली, आत डोळे आहेत की नाही कळू नये. लायलनं वेंडेलला विचारलं होतं, “याला दुसरा मुखवटा देता येईल का?” वेंडेलनं विचारलं, “का?” लायल म्हणाला, “असंच.”

रोननचं पहिलं टोक त्याच्या पोटावर बसलं. लायल खेळत राहिला. दुसरं खांद्यावर. तरी खेळत राहिला. लोक कुजबुजायला लागले. मग दोघं एकदमच पुढे आले, लायलचा हात वर होता, रोननचं पातं बगलेखाली शिरलं, वाकलं आणि कडकन मोडलं. रोनन मागे सरला. लायल उभाच, तलवार रोखून.

“थांबा!” वेंडेल ओरडला. “लायल, लागला?”

“नाही लागला,” लायल मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मैदानातून ‘हूं’ असा आवाज उठला. कोणीतरी ‘गेंडा!’ म्हणून ओरडलं. आणि मी. मी दोरीला धरून उभी होते, पट्टा माझ्या पिशवीत होता, लाजेनं माझे कान तापले होते. मी ओरडले, “लायल, लागला म्हण ना! एवढ्या लोकांसमोर खोटं कशाला बोलतोस?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “नाही गं लागला,” म्हणाला. अगदी हळू, घरात बोलतो तसं. मग त्याला खोकला आला. रोननच्या हातात मूठ आणि हातभर पातं उरलं होतं, त्याच्या मोडक्या टोकाकडे तो बघत होता. ते लाल होतं. लायलच्या पांढऱ्या मोज्यावरून रक्त बुटात उतरत होतं आणि त्याला ते बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

मी त्याला खोटारडा म्हटलं. बायको म्हणून माझा शेवटचा शब्द तोच झाला असता.

फुप्फुसाला भोक पडलं आहे. नळी घातली आहे. वाचेल म्हणतात.

१५ जून, गुरुवार

डॉक्टरीणबाई तरुण आहे, हळू बोलते. आज तिनं लायलला डोळे मिटायला सांगितले आणि सुईच्या टोकानं त्याचं अंग टोचत गेली. “टोचलं की सांगा.” लायल गप्प. ती टोचते आहे, हा गप्प. छाती, खांदे, दोन्ही हात. बरगड्यांच्या खाली आल्यावर तो एकदम “आई गं!” म्हणाला. तिथे तिनं पेनानं रेघ मारली. मग मानेपाशी एक रेघ. मागून पाठीवर एक.

पाठकण्याच्या आत पाण्याची पोकळी झाली आहे, ती वाढत वाढत संवेदना मारत जाते. हातांची ताकदही जाते. ऑपरेशननं पुढचं थांबेल कदाचित, गेलेलं परत येणार नाही.

मी त्या रेघांकडे बघत होते. गळा, खांदे, बाह्या मनगटापर्यंत आणि खाली बरगड्यांशी कड. जन्मभर मी तोच आकार कापत आले आहे. त्याच्या अंगावर डब्लेट आखलं होतं, आणि त्याच्या आत त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी त्याला टाचण्या टोचत होते आणि सोशिक म्हणत होते!

डॉक्टरीण गेल्यावर विचारलं, “तुला कधीपासून माहीत होतं?”

“गेल्या थंडीपासून. आधी वाटलं, मलाच वाटतंय. मग आवाजावर खेळायला लागलो. समोरच्याचे डोळे बघायचे. आपण मारलं की माणसाचे डोळे बदलतात, लोरेटा. म्हणून तर टॅफेटा मागितला.”

“मला का नाही सांगितलंस? अरे, मी काय परकी आहे?”

“सांगितलं असतं तर तू शिवलं असतंस का पुढे?” दम लागला म्हणून थांबला. “तू शिवत होतीस. रात्री मशीनचा आवाज यायचा. मला वाटलं, जूनपर्यंत निभेल.”

मी पलंगाच्या कठड्यावर डोकं ठेवलं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या केसांचं त्याला काही कळलं की नाही, विचारायची छाती झाली नाही.

१९ जून, सोमवार

वेंडेल आला. हातात कागदी पिशवी, तिच्यात डब्लेट. अँब्युलन्सवाल्यांनी ते पुढून उभं कापून काढलं होतं. लायल झोपला होता, आम्ही खालच्या कॅन्टीनमध्ये बसलो.

वेंडेल आठ दिवसांत म्हातारा झाला आहे. “शिक्का मी मारला होता,” म्हणाला. “चार थरांवर मारला होता. आज मोजले तर दोन.”

मी पिशवीचं तोंड दुमडून बंद केलं.

“शुक्रवारी तू घरी गेली होतीस तेव्हा मी लायलला विचारलं. म्हणाला, मीच उसवले. गरम व्हायचं म्हणून. लोरेटाला माहीत नाही.”

लायलला साधा धावदोरा येत नाही. बटण तुटलं तर टेपनं चिकटवतो. आणि आता तर त्याच्या बोटांत सुई राहणारसुद्धा नाही.

“समितीनं मान्य केलं लगेच,” वेंडेल सांगत होता. “कोणाला नवल नाही वाटलं. आजाराचं मी सांगितलं, तर म्हणाले, वार कळत नव्हते हे ठीक, पण शिक्का मारलेलं डब्लेट चोरून उसवलं ही फसवणूकच. त्या रोननची काय अवस्था झालीय माहितेय का? झोपत नाही म्हणे. लायलचं नाव काढून टाकलं.”

त्यानं डब्लेट पिशवीतून अर्धं बाहेर काढलं. अस्तराच्या बाजूच्या शिवणीवर अंगठा ठेवला. बारीक, एकसारखे टाके, त्याच भोकांतून घातलेले. या माणसाच्या अंगावर मी वीस वर्षं कपडे शिवते आहे. तो अंगठा टाक्यांवरून हळूहळू फिरवत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

“लोरेटा,” तो म्हणाला, “तुला काही सांगायचंय का?”

आजूबाजूला नर्सेस जेवत होत्या. कोणीतरी मोठ्यानं हसलं. माझ्या मनात आलं की मी आता बोलले तर या गावात माझ्याकडून कोणी रुमालही शिवून घेणार नाही, आणि लायलनं आयुष्यात पहिल्यांदा बोललेलं खोटं फुकट जाईल. मी आणखीही बरीच कारणं शोधली. सगळी पटकन सापडली.

“नाही,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, डब्लेटची घडी केली, पिशवीत घातलं आणि पिशवी माझ्या बाजूला सरकवून निघून गेला. कॉफी तशीच ठेवली.

वर गेले तर लायल जागा होता.

“वेंडेल येऊन गेला का? काय म्हणाला?”

“लवकर बरा हो म्हणाला.”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं, मुखवट्याच्या जाळीतून बघायचा तसं. मग म्हणाला, “बरं.”